गाडीची, खात्रीची आणि मुदतीची टंचाई : रोजच्या लांबच्या प्रवासासाठी जुनी गाडी निवडण्याचा इतिहास

१/
घर हडपसरला, नोकरी चाकणला. जाऊन-येऊन रोजचे जवळपास ८० किलोमीटर. बसचे वेळापत्रक कारखान्याच्या पाळीशी जुळत नाही, दुचाकीवर पावसाळा सोसत नाही आणि नवी गाडी घेण्याइतकी शिल्लक नाही. मग घरात प्रश्न निघतो : जुनी गाडी घ्यायची, पण कोणती? वरवर पाहता हा प्रश्न गॅरेजमधला आहे. परंतु त्याचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांतील परवान्यांनी, इंधनाच्या दरांनी आणि न्यायालयांच्या निकालांनी घडवले आहे. हा धागा त्या उत्तराचा इतिहास.

२/
या इतिहासाचे ढोबळमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात गाडीच मिळत नव्हती. दुसऱ्यात गाड्या भरपूर आल्या, पण समोर उभी असलेली गाडी चांगली की वाईट याची खात्री मिळेना. तिसऱ्यात खात्री बऱ्याच अंशी मिळू लागली, पण ती गाडी आणखी किती वर्षे रस्त्यावर चालवता येईल ही मुदत अनिश्चित झाली. टंचाई प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीची होती. तिचा भार मात्र बहुतेक वेळा एकाच्याच माथी आला : घेणाऱ्याच्या.

३/
सुरुवात मुंबईपासून करावी लागते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सुटे भाग परदेशातून यायचे, येथे केवळ जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. उद्योग (विकास व नियमन) कायदा १९५१ मध्ये आला आणि किती माल तयार करायचा हेही परवान्यावर ठरू लागले. पुढे १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशींनुसार सरकारने भूमिका घेतली की, ज्यांना भारतातच टप्प्याटप्प्याने गाडी घडवायची नाही त्यांनी केवळ जुळणीचा धंदा चालवू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला.

४/
मागे उरलेल्यांत मोटारगाडीपुरती तीनच नावे महत्त्वाची होती. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स बंगालमधील उत्तरपाडा येथे अँबॅसिडर बनवत होती. मद्रासमध्ये स्टँडर्ड मोटर होती. आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात फियाटच्या गाड्या तयार करत होती. फियाट ११०० हीच पुढे सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर आणि काळा-पिवळा रंग चढला की मुंबईची टॅक्सी. देशातील ग्राहकाची निवड जवळपास येथेच सुरू होऊन येथेच संपत असे.

५/
उत्पादनावर मर्यादा, मागणी वाढती आणि किंमत सरकारच्या नियंत्रणाखाली. मोटारगाड्यांच्या किमती ठरवणारा आदेश १९६९ मध्ये निघाला आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, हे त्या काळातील प्रत्येक घराला ठाऊक होते : नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षे थांबायचे. फियाटची प्रतीक्षायादी लांबच लांब असे. पुण्यात तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरची कथा याहून वेगळी नव्हती. ठरलेल्या किमतीवर जी जादा रक्कम द्यावी लागे तिला बाजारात ‘ऑन’ असा सुटसुटीत शब्द होता.

६/
यातून एक विपरीत स्थिती निर्माण झाली. थोडी वापरलेली फियाट कोऱ्या गाडीच्या सरकारी किमतीहून महाग विकली जाई. कारण साधे होते. कोरी गाडी कागदावर स्वस्त होती, पण हातात येत नव्हती. जुनी गाडी आजच्या आज मिळत होती. तिची जादा किंमत म्हणजे वाचलेल्या वर्षांची किंमत. अशा बाजारात ‘कोणती गाडी निवडावी?’ हा प्रश्नच उद्भवत नसे. कोण विकतो आहे आणि तो शब्दाला पक्का आहे का, एवढेच विचारले जाई.

७/
रोजच्या लांबच्या प्रवासासाठी स्वतःची गाडी ही कल्पनाही त्या काळी दुर्मीळ होती. मुंबई-पुणे ये-जा करणाऱ्यांचा भरवसा रेल्वेवर होता. ‘डेक्कन क्वीन’ १ जून १९३० पासून धावत होती आणि तिच्या पासधारकांचे आपले एक वेगळेच जग होते. रस्त्याने जायचे तर दादर-पुणे टॅक्सी. चाकाच्या वाहनांसाठी १८३० मध्ये खुला झालेला बोरघाटाचा रस्ता चढताना गाडी तापे. बॉनेट उघडून, इंजिन निवण्याची वाट पाहून, रेडिएटरमध्ये पाणी ओतणारे चालक हे खंडाळ्याचे नेहमीचे दृश्य होते. रोज घाट चढेल अशी जुनी गाडी हवी असेल, तर तिचे रेडिएटर आणि ब्रेक पाहणे हा पहिला नियम तेव्हाच रूढ झाला.

८/
त्या गाड्यांचा एक मोठा गुण होता : त्या उघडून पाहता येत. इंजिनातील जवळपास प्रत्येक दोष डोळ्याला, कानाला किंवा नाकाला कळे. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल जळते आहे, म्हणजे रिंग-पिस्टनचे काम निघणार. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर पाणी आत शिरले आहे. सुटे भाग कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत मिळत. जुनी गाडी घेणारा गाडीपेक्षा आधी मिस्त्री निवडत असे. तीच त्या काळची खात्री होती : नात्यातली आणि तोंडी.

९/
नेमक्या याच काळात, १९६७-६८ मध्ये, एक तरुण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ दिल्लीतील भारतीय सांख्यिकी संस्थेत वर्षभरासाठी आला होता. त्याचे नाव जॉर्ज अकरलॉफ. येण्यापूर्वी त्याने एक लेख लिहून अमेरिकेतील एका नामांकित नियतकालिकाकडे पाठवला होता. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. भारतात असतानाच त्याला नकाराचे पत्र मिळाले : इतक्या क्षुल्लक विषयावरचे लेख छापले जात नाहीत. दुसऱ्या नियतकालिकानेही क्षुल्लकपणाचेच कारण दिले. तिसऱ्याचा आक्षेप याच्या उलट होता : हे खरे असेल तर सगळे अर्थशास्त्रच बदलावे लागेल.

१०/
अकरलॉफचा युक्तिवाद उदाहरणाने सहज समजतो. समजा, बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या दहा जुन्या गाड्या आहेत. पाच चांगल्या, प्रत्येकी २ लाखांच्या योग्यतेच्या. पाच खराब, प्रत्येकी १ लाखाच्या. कोणती कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सरासरीने दीड लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्यात परवडत नाही, आणि गाडी घरी घेऊन जातो. बाजारात उरतात त्या खराब गाड्याच. हे ओळखून घेणारा भाव आणखी पाडतो. लबाडी काही जणांचीच असते, पण तिच्यामुळे प्रामाणिक विक्रेताही बाजारातून उठतो.

११/
या लेखात भारत ठिकठिकाणी दिसतो. बाजारातून आणलेल्या तांदळातले खडे निवडणाऱ्या भारतीय गृहिणींचा उल्लेख त्यात आहे. दाण्याच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात, हा त्यातला मुद्दा. गावच्या सावकाराचे चढे व्याजही त्याने याच तर्काने समजावून घेतले : बाहेरच्याला कर्जदाराची माहिती नसते, सावकाराला असते. लेख अखेर १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मांडलेल्या विचाराबद्दल २००१ मध्ये अकरलॉफला दोघा सहकारी अभ्यासकांसोबत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विषय क्षुल्लक नव्हता, हे ठरायला तीन दशके लागली.

१२/
योगायोग असा की, ज्या देशात बसून अकरलॉफने ते नकाराचे पत्र वाचले, तेथील मोटारींच्या बाजाराला त्याचा सिद्धान्त तेव्हा नीट लागूच पडत नव्हता. येथे खराब गाडीलाही गिऱ्हाईक होते, कारण पर्याय नव्हता. टंचाई इतकी तीव्र होती की, अज्ञानाचा प्रश्न तिच्याआड झाकला गेला होता. तो उघडा पडण्यासाठी आधी गाड्या मुबलक व्हाव्या लागणार होत्या. त्याची सुरुवात १९८३ मध्ये झाली.

१३/
सरकारी मालकीच्या मारुती उद्योगने १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार केला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली. ७९६ सीसीचे इंजिन, हलकी बांधणी, पुढच्या चाकांना मिळणारी गती. त्याआधीच लाखाहून अधिक लोकांनी अनामत भरून नावे नोंदवली होती. पहिली काही वर्षे या गाडीवरही ‘ऑन’ चालला. पण उत्पादन वाढत गेले तशी जुन्या मारुतीची किंमत हळूहळू नव्या गाडीच्या खाली उतरली. भारतात जुनी मोटार खऱ्या अर्थाने ‘जुनी’ होऊ लागली ती येथून.

१४/
मारुती ८०० ने निवडीचा एक निकष कायमचा रुजवला : पुन्हा विकता येईल का? गाडी गावोगावी दुरुस्त होते, भाग सर्वत्र मिळतात, त्यामुळे पुढचा गिऱ्हाईकही सापडतो. मध्यमवर्गीय घरासाठी ही गाडी वाहन होती आणि अडीअडचणीला मोडता येणारा ऐवजही होता. रोज लांब जाणाऱ्यासाठी या निकषाला अधिक वजन होते. ज्याची गाडी बुधवारी बंद पडली आणि भाग पुढच्या सोमवारी आला, त्याचा आठवड्याचा पगार धोक्यात येतो.

१५/
मोटार उद्योग १९९३ मध्ये परवानामुक्त झाला आणि परदेशी कंपन्यांची रीघ लागली. निवड वाढली, तशी एक नवी जोखीमही आली : अनाथ गाड्या. प्रीमियरने फ्रान्सच्या प्युजोसोबत कल्याणजवळ ‘३०९’ ही गाडी काढली. काही वर्षांतच भागीदारी मोडली आणि प्युजो परतली. कोरियाच्या देवूची सिएलो १९९५ मध्ये आली, मागोमाग मॅटिझ आली. मूळ कंपनी कोसळल्यावर तिचा भारतातला कारभारही बंद पडला. गाडी उत्तम होती, पण तिच्यामागे उभे राहणारे कोणी उरले नाही. पुढे जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा जुन्या जाणत्यांना या दोन नावांची आठवण झाली.

१६/
याच सुमारास प्रवासाचे स्वरूपही पालटले. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली होती. पुढील दशकांत पुण्याभोवती चाकण, रांजणगाव, तळेगाव येथे कारखाने उभे राहिले आणि हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत पूर्णपणे खुला झाला. घर एका ठिकाणी, काम दुसऱ्या ठिकाणी आणि मध्ये पन्नासेक किलोमीटर, ही रचना हजारो घरांची झाली. रेल्वेचा पास जेथे पोहोचत नव्हता, तेथे जुनी गाडी पोहोचली.

१७/
गाड्या मुबलक झाल्या आणि अकरलॉफचा प्रश्न भारतात दाखल झाला. त्याचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे किलोमीटरचा काटा. दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी काटा मागे फिरवून साठ हजारांची दाखवता येते. आकडा अंकीय पडद्यावर आला तरी फसवणूक थांबली नाही, फक्त हत्यार बदलले. अमेरिकेने १९७२ मध्ये काटा मागे फिरवण्याविरुद्ध स्वतंत्र केंद्रीय कायदा केला. भारतात या पोकळीत आधी कंपन्या उतरल्या. मारुतीने २००१ मध्ये तपासलेल्या जुन्या गाड्यांची ‘ट्रू व्हॅल्यू’ ही साखळी सुरू केली. मिस्त्रीच्या शब्दाची जागा कंपनीच्या शिक्क्याने घेतली आणि त्या शिक्क्याची किंमत गाडीच्या भावात मिसळली गेली.

१८/
खात्रीची दुसरी बाजू कागदांची आहे आणि येथे विकणाराही अडकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार मालकी बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करणे बंधनकारक आहे. नमुना २९ आणि ३० हे त्याचेच कागद. पण व्यवहारात अनेक जण नुसती सही करून किल्ली देत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले की, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. पुढे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाही, गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत, मालक मानले. गाडी कोणी व कशासाठी बाहेर काढली याची नोंदवही ठेवणेही त्याच्यावर आले.

१९/
आता इंधन, कारण रोज लांब जाणाऱ्याची निवड अखेर येथेच ठरते. रोज ८० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाला २४,००० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला २,००० लिटर पिते, २० देणारी १,२०० लिटर. फरक ८०० लिटरचा. लिटरला १०० रुपये धरले तर वर्षाला ८०,००० आणि पाच वर्षांत ४ लाख. म्हणजे ५० हजारांनी स्वस्त मिळालेली, पण इंधन खाणारी गाडी पहिल्याच वर्षात महाग पडते. कधीमधी गाडी काढणाऱ्याला हा हिशेब लागत नाही. रोजच्या प्रवाशाला तो चुकवता येत नाही.

२०/
या हिशेबाला सरकारी धोरणाने दोनदा उलटे केले. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले होते. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत या दोहोंतील अंतर लिटरमागे ३० रुपयांहून अधिक होते. त्या काळी लांबच्या प्रवासासाठी जुनी डिझेल गाडी घ्यावी, हे उत्तर निर्विवाद होते. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन तर इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसले की, त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. एकेकाळी कुर्ल्याशी जोडलेले फियाटचे नाव आता रांजणगावच्या कारखान्यात या इंजिनाच्या रूपाने टिकून होते.

२१/
२०१४ नंतर दरांतील अंतर आटत गेले. देशभर भारत स्टेज सहा हे प्रदूषण मानक एप्रिल २०२० मध्ये लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणे थांबवले. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी लांब आणि सलग धावेत आपोआप स्वच्छ होते. शहरातल्या थांबत्या वाहतुकीत ती तुंबते. म्हणून आजही द्रुतगती मार्गावर रोज सलग धावणाऱ्याला डिझेल शोभते, तर चाकणच्या चौकात तासभर रखडणाऱ्याला ते डोकेदुखी ठरू शकते. मधली जागा सीएनजीने घेतली. मारुतीने २०१० पासून कंपनीतच बसवलेल्या सीएनजी संचाच्या गाड्या आणल्या. अशी जुनी गाडी घेताना टाकीची दर तीन वर्षांनी करायची दाबचाचणी झाली आहे का, हे पाहणे अनिवार्य.

२२/
येथून तिसरी टंचाई सुरू होते : मुदतीची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डिझेलसाठी दहा आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षांची मर्यादा अमलात आणण्याचा आदेश दिला. त्यानंतरही हा वाद न्यायालयांत सुरू राहिला. परिणाम दिल्लीपुरता राहिला नाही. तेथे आयुष्य संपत आलेल्या सुस्थितीतील गाड्या इतर राज्यांच्या बाजारांत स्वस्तात आल्या. घेणाऱ्याने अशा गाडीचे ना-हरकत प्रमाणपत्र, पुनर्नोंदणीचा खर्च आणि येथील कर हे सारे मिळवून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवावे.

२३/
महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढते. वर पर्यावरण कर भरावा लागतो. या नूतनीकरणाचे मोटारीसाठीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. म्हणजे बारा वर्षांची गाडी घेणारा केवळ गाडी घेत नाही, तीन वर्षांनंतरचा एक अनिश्चित निर्णयही विकत घेतो. पद्मिनीच्या काळात वीस वर्षे जुनी गाडी हा घराचा अभिमान असू शकत होता. आता वय हाच दोष मानला जाऊ शकतो, मग इंजिन कितीही गोड चालो.

२४/
वयाला आणखी एक अर्थ आहे आणि तो जिवाशी निगडित आहे. भारतातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या प्राथमिक आवृत्त्यांना २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलले. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना एबीएस, जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग आणि ऑक्टोबर २०१९ पासून धडक-चाचणीचे निकष पाळणे बंधनकारक झाले. द्रुतगती मार्गावर रोज जाणाऱ्यासाठी २०१९ हे वर्ष म्हणून एक सीमारेषा ठरते. तिच्या अलीकडची गाडी पन्नास हजारांनी महाग असेल, तर ते पन्नास हजार कशाचे आहेत हे कळायला हवे.

२५/
इतिहासाचा विद्यार्थी एकाच साधनावर विसंबत नाही. एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहतो. जुनी गाडी तपासण्याची पद्धत नेमकी हीच आहे. काटा सांगतो ४०,००० किलोमीटर. मग क्लच आणि ब्रेकच्या पायपट्ट्यांचे रबर इतके झिजलेले का? टायरवरच्या चार अंकांतून तो कोणत्या आठवड्यात व वर्षी तयार झाला ते कळते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सीटबेल्टच्या चिठ्ठीवरचे वर्ष गाडीच्या वर्षाशी जुळते का? सेवा केंद्रातील नोंदी, विम्याचे दावे, वाहन पोर्टलवरील कर्जाचा बोजा आणि थकलेले दंड, हे सारे एकमेकांना दुजोरा देतात का? पत्र्याखाली पुट्टी आहे का, हे बोटांनी टकटक करून आजही कळते. मिस्त्री आजही लागतोच, फक्त तो एकटा पुरत नाही.

२६/
मग हडपसर-चाकणच्या प्रवाशाने काय निवडावे? या इतिहासातून निघणारे उत्तर असे : २०१९ नंतर तयार झालेली, अजूनही भारतात व्यवसाय करणाऱ्या कंपनीची, भाग नाना पेठेत सहज मिळतील अशी, कागद स्वच्छ असलेली छोटी पेट्रोल किंवा कंपनीने बसवलेल्या सीएनजीची गाडी. जुने डिझेल केवळ रस्ता मोकळा आणि सलग असेल तरच. थंड इंजिन स्वतःच्या हाताने सुरू करून पाहावे. रोज ज्या रस्त्याने आणि ज्या वेळी जायचे त्याच रस्त्याने, त्याच वेळी चालवून पाहावी. आणि नावावर झाल्याची नोंद हाती येईपर्यंत सगळे पैसे मोजू नयेत.

२७/
मुंबईच्या रस्त्यावरील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. एके काळी जी गाडी जुनी झाल्यावर नव्याहून महाग विकली जाई, तिला नियमाने रस्ता सोडावा लागला. तिच्या काळात ग्राहक गाडीची वाट पाहत असे. आता गाड्या ग्राहकाची वाट पाहत ओळीने उभ्या आहेत. तरीही महिन्याच्या पगारातून साठवलेले तीन लाख हातात घेऊन त्या ओळीसमोर उभा राहणारा माणूस पूर्वीइतकाच साशंक असतो, आणि त्याच्या शंकेला आजही ठोस कारण असते.

(धागा समाप्त)